सुरुवातीच्या अमेरिकन घरांतला वॉलपेपर: ताव, ठसे, खळ आणि किनार

कागदवेल

अमेरिकेच्या पूर्व किनाऱ्यावरच्या जुन्या घरांतल्या वॉलपेपरबद्दल इथे अधूनमधून प्रश्न येतात आणि उत्तरं वेगवेगळ्या धाग्यांत विखुरतात. सगळं एका जागी असावं म्हणून हा धागा. काळ साधारण १७४० ते १८४०, म्हणजे यंत्रावर छापलेला स्वस्त कागद बाजारात येण्याआधीचा.

सुरुवात कागदापासूनच करते, कारण सर्वांत जास्त चुका तिथेच होतात. त्या काळात लांबलचक सलग कागद नव्हता. चिंध्यांच्या लगद्याचा, साच्यावर हाताने उचललेला एकेक ताव असायचा. हे ताव कडेला कड चिकटवून साधारण १२ यार्ड लांब आणि २१ इंच रुंद पट्टा करत. त्याला 'पीस' म्हणत. ताव २७-२८ इंचांचा असेल तर एका पीसला सोळाएक ताव लागतात. आधी ताव जोडायचे, मग जमिनीचा, म्हणजे नक्षीमागचा रंग द्यायचा आणि मग ठसे मारायचे, असा क्रम. त्यामुळे खऱ्या जुन्या कागदावर ठरावीक अंतराने आडवा जोड दिसतो. तो छपाईच्या खाली असतो आणि रंग त्याच्यावरून सलग गेलेला असतो.

जीर्णोद्धार करणाऱ्यांना हा जोड दोष वाटतो आणि ते नव्या प्रतिकृतीत तो काढून टाकायला सांगतात. माझ्या मते हे चूक आहे. खिडकीतून तिरका उजेड आला की दर दोन-सव्वादोन फुटांवर एक हलकी आडवी उठावाची रेघ भिंतभर दिसते. त्या खोलीचं रूप त्या रेघांमुळे बनतं. त्या नसल्या की नक्षी तीच राहते, पण भिंत आजची दिसते.

माल बहुतांशी इंग्लंडहून यायचा. बोस्टनच्या थॉमस हॅनकॉकने १७३८ साली लंडनला कागद मागवला, तेव्हा नमुना सोबत पाठवून मोर, इतर पक्षी, खारी, माकडं, फळं, फुलं हवीत असं लिहिलं होतं. स्थानिक उत्पादनाची सुरुवात १७६०च्या दशकात झाली. न्यूयॉर्कमध्ये जॉन रूगर १७६५ मध्ये, आणि फिलाडेल्फियात प्लंकेट फ्लीसन, ज्याने १७६९ मध्ये अमेरिकेत बनवलेल्या कागदाची जाहिरात दिली. हा योगायोग नव्हे. १७६७ च्या ब्रिटिश टाउनशेंड कायद्यांनी काच, शिसं, रंग, चहा यांच्याबरोबर कागदावरही कर बसवला होता आणि आयात मालावर बहिष्काराचं वारं होतं. स्वातंत्र्यानंतर १७८९ च्या पहिल्या जकात कायद्यात आयात वॉलपेपरवर साडेसात टक्के जकात लागली. त्यानंतर बोस्टन, हार्टफर्ड, फिलाडेल्फिया इथे कारखाने झपाट्याने वाढले.

हिंगूळ

कागदवेल, छान सुरुवात. रंग आणि ठशांचं मी लिहितो.

रंग म्हणजे डिस्टेंपर. व्हायटिंग, म्हणजे धुऊन बारीक केलेली खडूची भुकटी, त्यात रंगद्रव्य आणि बांधायला जनावरांच्या कातड्याचा सरस. तेल नाही. सगळं काम सरसाच्या प्रमाणावर चालतं. सरस कमी पडला तर रंग वाळल्यावर हाताला लागतो, बाही घासली तरी निघतो. सरस जास्त झाला तर रंग वाळताना आकसतो, कागद वाटीसारखा वळतो आणि काही वर्षांनी रंगाचे पापुद्रे सुटतात. जुन्या तुकड्यांवर हे दोन्ही आजार दिसतात. रंग सरसाने बांधलेला असल्यामुळे पाण्याने तो पुन्हा मऊ होतो. हे पुढे चिकटवण्याच्या वेळी फार महत्त्वाचं ठरतं.

रंगद्रव्यं बहुतेक आपल्या ओळखीचीच: काजळी, गेरू, पिवडी, अंबर (तपकिरी माती), हिंगूळ. निळ्यासाठी प्रशियन ब्लू किंवा व्हर्डिटर. व्हर्डिटर म्हणजे तांब्याचं कार्बोनेट. त्याचा दाणा जरा जाड ठेवावा लागतो, जास्त घोटला की रंग फिका पडतो. म्हणून व्हर्डिटरच्या साध्या निळ्या-हिरव्या भिंतींना किंचित खरखरीतपणा आणि ब्रशचे फटकारे असतात. तो पोत मुद्दाम ठेवलेला नाही, रंगद्रव्याच्या स्वभावातून आलेला आहे.

ठसा तीन थरांचा असायचा. तोंडाला पेअरच्या झाडाचं घट्ट लाकूड आणि मागे पाइनचे दोन थर, रेषा एकमेकींना आडव्या ठेवून चिकटवलेले, म्हणजे ओलीने ठसा वाकडा होत नाही. बारीक रेघा लाकडात टिकत नाहीत, तिथे पितळी पट्ट्या ठोकत. प्रत्येक रंगाला वेगळा ठसा आणि ठशाच्या कोपऱ्यांत लहान पितळी खिळे. आधीच्या ठशाने उमटवलेल्या टिंबावर पुढच्या ठशाचा खिळा बसवायचा, म्हणजे रंग जागेवर पडतो. ही टिंबं बहुधा कडेच्या कोऱ्या पट्टीत किंवा एखाद्या पानाच्या टोकात लपवलेली असतात. मूळ तुकडा हातात आला तर आधी ती शोधा. दोन टिंबांमधलं अंतर मोजलं की ठशाची लांबी मिळते आणि नक्षीचा अर्धवट उरलेला भाग पुरा करायला आधार मिळतो.

रंग घ्यायची पद्धतही सांगतो. पातळ लगद्याने भरलेल्या हौदावर कातडं ताणलेली चौकट तरंगत ठेवायची आणि तिच्यावर लोकरी कापड. हाताखालचा मुलगा दर ठशामागे त्या कापडावर ब्रशने रंग सारखा करणार, ठसेकरी ठसा त्यावर टेकवणार, कागदावर ठेवणार आणि मोगरीने ठोकणार. अख्ख्या पीसभर एकच रंग मारायचा, मग दांड्यांवर झोळ सोडून वाळत घालायचा. वाळल्यावर दुसरा रंग. सहा रंगांची नक्षी म्हणजे कागद सहा वेळा खाली-वर. रंग भराऊ बसतो, बोट फिरवलं तर कडा लागते. पुढे सिलिंडर यंत्रावर पातळ रंग वापरावा लागला, त्यात ही कडा नाही. उलट रंग दाबाने बाजूला सरकून आकृतीच्या काठाला गडद होतो. ठसा की यंत्र हे भिंगाखाली ओळखायचं तर काठाकडे बघा.

फ्लॉकचंही, म्हणजे मखमलीसारख्या उठावाच्या कागदाचंही सांगून टाकतो. ठशाने रंगाऐवजी जवसाच्या उकळलेल्या तेलाचं चिकट वॉर्निश उमटवायचं. तो कागद कातड्याच्या तळाच्या लांब पेटीत ठेवून त्यावर रंगवलेल्या लोकरीची भुकटी चाळायची. मग पेटीच्या तळावर खालून काठीने ठोकायचं. ठोकल्याने तंतू उभे राहतात आणि मखमलीसारखं दिसतं. न ठोकता नुसती भुकटी टाकली तर तंतू आडवे चिकटतात आणि ते नमद्यासारखं दिसतं. स्वस्तातल्या प्रतिकृतींत हाच फरक असतो.

जुनेघर

धागा वाचतोय, फार उपयोगी आहे. एक नेमकी अडचण मांडतो. हार्टफर्डजवळच्या एका घरात, १७९०च्या सुमाराचं, जिन्याखालच्या कपाटात वॉलपेपरचे पाच थर एकावर एक आहेत. खालून दुसऱ्या थरावर साधारण २२ इंचांवर आडवा जोड आहे. नक्षी वेलबुट्टीची, पण पानं निळी आहेत. वरून दुसरा थर झगझगीत हिरवा आहे. दोन प्रश्न: कालक्रम कसा लावायचा, आणि निळी पानं ही त्या काळची आवड समजायची का?

कागदवेल

जुनेघर, निळी पानं बहुधा मुळात हिरवी होती. तेव्हा हिरवा रंग बरेचदा दोन रंग मिसळून करत. निळा प्रशियन ब्लू आणि पिवळा 'डच पिंक'. नावात पिंक असलं तरी तो पिवळाच. बकथॉर्नच्या बोरांच्या किंवा वेल्ड या वनस्पतीच्या रसापासून केलेलं रंगद्रव्य. असे वनस्पतीचे पिवळे रंग उजेडाने उडतात, निळा मागे राहतो. खात्री करायची असेल तर त्याच थराचा असा भाग शोधा जिथे उजेड कधी पोचलाच नाही. दाराच्या चौकटीच्या पट्टीखाली, फळीच्या आधाराच्या लाकडामागे. तिथे पान हिरवं सापडलं तर प्रश्न मिटला. प्रतिकृती काढताना उडालेल्या रंगावरून निळी पानं छापली, असं संग्रहालयांतही घडलेलं आहे.

कालक्रमासाठी एका खुणेवर विसंबू नका. आडवा जोड असेल तर कागद साधारण १८३५-४० च्या आधीचा, कारण अमेरिकेत १८१७ मध्ये डेलावेअरमधल्या ब्रँडीवाइन नदीवर थॉमस गिल्पिनने सलग कागदाचं यंत्र सुरू केलं तरी वॉलपेपरसाठी सलग कागद रुळायला १८३०चं दशक उजाडलं. इंग्लंडमध्ये तर करवसुलीच्या सोयीसाठी वॉलपेपरला सलग कागद वापरायची १८३०च्या आसपासपर्यंत मनाईच होती. पण दुकानात पडून राहिलेला माल उशिरा लावला जायचा. म्हणून जोड फक्त कागद कधी बनला तेवढं सांगतो, तो कधी लावला हे त्यावरून ठरत नाही.

दुसरी खूण पाठीमागे असते. इंग्लंडमध्ये १७१२ पासून छापील कागदावर चौरस यार्डाला एक पेनी कर होता, पुढे तो वाढला आणि १८३६ मध्ये उठला. कर मोजल्याचे शिक्के कागदाच्या मागे मारत. मुकुट, राजाची अक्षरं, अबकारी खात्याचे आकडे. तुकडा सुटला तर मागची बाजू पुसण्याआधी तिरक्या उजेडात फोटो काढा. ओल्या फडक्याने खळ पुसली की शिक्क्याची शाई जाते.

तिसरी खूण म्हणजे कागदाचा लगदा. चिंध्यांचा कागद अजून लवचीक असतो, रंग राखाडी-पांढरा, उजेडासमोर धरला तर साच्याच्या तारांच्या रेघा दिसतात. लाकडाच्या लगद्याचा कागद पिवळा-तपकिरी पडतो आणि दुमडला की मोडतो. असा थर म्हणजे १८५० नंतरचा, बहुधा बराच नंतरचा.

हिंगूळ

झगझगीत हिरव्याबद्दल सावध राहा. १७७५ चा शीलेचा हिरवा आणि १८१४ पासूनचा एमराल्ड ग्रीन, दोन्हींत तांबं आणि आर्सेनिक असतं. ओल आली आणि खळीवर बुरशी धरली की काही बुरशा त्या आर्सेनिकचा विषारी वायू करतात. कोरड्या भिंतीवर धोका धुळीचा. म्हणून तो थर कोरडा खरवडू नका, सँडपेपर लावू नका, घरच्या व्हॅक्यूमने ओढू नका. अतिसूक्ष्म धूळ अडवणाऱ्या हेपा फिल्टरचा व्हॅक्यूम, नायट्राइलचे हातमोजे, धुळीचा मास्क, आणि काम संपल्यावर कपडे वेगळे धुवायचे. खात्रीसाठी हातात धरायच्या, क्ष-किरणांनी मूलद्रव्यं ओळखणाऱ्या एक्सआरएफ यंत्राने भिंतीवरच मोजता येतं, तुकडा काढावा लागत नाही. हाच विचार झगझगीत पिवळ्यासाठीही करा. १८१० नंतरच्या क्रोम यलोमध्ये शिसं असतं. आणि माझं जे नाव आहे त्या रंगात पारा.

मोगरी

थर सुटे करण्याबद्दल थोडं. वाफेने सगळं झटकन सुटतं हे खरं, पण वाफेने डिस्टेंपरही सुटतो. आधी कापसाची ओली काडी प्रत्येक रंगावर दोन सेकंद टेकवून बघा. काडीला रंग आला तर वाफेआधी त्या पृष्ठभागावर पातळ जपानी कागद मिथाइल सेल्युलोज या सौम्य डिंकाने चिकटवून त्याला पाठबळ द्यावं लागतं. हे काम संवर्धकाकडून करून घ्यावं.

वर कागद, खाली कागद असेल तर दोघांमधली खळ हाच कमजोर थर. तिथे थोडी ओल देऊन, बोथट आणि पातळ स्पॅच्युला भिंतीला समांतर ठेवून पुढे सरकवायचा. कोन दिला की कागद फाटतो. सुटलेला तुकडा छापलेली बाजू वर ठेवून पॉलिएस्टरच्या न विणलेल्या कापडावर वाळवा. प्रत्येक तुकड्याच्या पाठीवर मऊ पेन्सिलने खोली, भिंत, थराचा क्रमांक आणि 'वर' दाखवणारा बाण. बॉलपेन नको, शाई पुढे उतरते.

कपाटातला किमान हातभर भाग पाचही थरांसकट जागेवर राहू द्या. सोडवलेला क्रम पुन्हा जुळवता येत नाही, आणि वीस वर्षांनी तपासायची साधनं आजच्यापेक्षा चांगली असतील.

शर्वाणी

लावण्याच्या पद्धतीबद्दल विचारायचं होतं. कागद गिलाव्यावर थेट चिकटवायचे की कापडावर? दोन्ही वाचलं आहे.

मोगरी

दोन्ही बरोबर, भिंतीवर अवलंबून. फळ्यांची भिंत असेल तर कापड. न्यू इंग्लंडचा उन्हाळा दमट आणि हिवाळ्यात शेकोटीने घर कोरडं, त्यामुळे फळ्या वर्षभर फुगतात-आकसतात. थेट चिकटवलेला कागद पहिल्याच हिवाळ्यात फळ्यांच्या सांध्यावर उभा चिरतो. म्हणून तागाचं किंवा जाडंभरडं कापड ताणून खिळ्यांनी मारायचे आणि त्यावर कागद. खिळे लोखंडी असल्याने गंजून तपकिरी डाग वर येतात. एका ओळीत तपकिरी ठिपके दिसले तर खाली कापड आहे असं समजा.

गिलाव्याच्या भिंतीवर थेट. पण इथे एक गोष्ट लोक विसरतात. ताजा चुन्याचा गिलावा अल्कधर्मी असतो आणि प्रशियन ब्लूला अल्क सोसत नाही, निळा तपकिरी होतो. जुन्या घराची भिंत दुरुस्त करून लगेच निळा कागद लावला की जिथे नवा गिलावा भरला आहे नेमक्या तेवढ्याच आकाराचे भुरकट डाग दोनतीन आठवड्यांत उमटतात. चुना हवेतला कार्बन डायऑक्साइड घेऊन पक्का व्हायला महिने लागतात. ओल्या पीएच पट्टीने भिंत तपासा. आकडा ९ च्या वर असेल तर थांबा. घाई असेल तर सरसाचा पातळ हात आणि मध्ये अस्तराचा कागद, तरीही थांबणं चांगलं.

शर्वाणी

आणि खळीचं प्रमाण?

मोगरी

मूळ खळ गव्हाच्या पिठाची. एक भाग पीठ थोड्या थंड पाण्यात गुठळी न ठेवता कालवायचं, मग पाच-सहा भाग उकळतं पाणी सतत ढवळत ओतायचं आणि मंद आचेवर पांढरेपणा जाऊन अर्धपारदर्शक होईपर्यंत शिजवायचं. अर्धा किलो पिठाला साधारण १५ ग्रॅम तुरटी घालत, म्हणजे खळ लवकर आंबत नाही. गाळून गार करायची, वरची साय काढून टाकायची. साय तशीच राहिली तर कागदाखाली गाठी येतात आणि डिस्टेंपरवर त्या वरून दाबता येत नाहीत.

आज संवर्धनाच्या कामात तुरटी घालत नाहीत, कारण तिच्या आम्लाने चिंध्यांचा कागदसुद्धा ठिसूळ होतो. पिठाऐवजी ग्लुटेन काढलेला गव्हाचा स्टार्च घेतात. पिठातल्या प्रथिनांवर बुरशी आणि कसर लवकर येते. स्टार्चचीही खळ खाल्ली जाते, पण कमी.

लावताना: आधी बिनछापील अस्तर कागद भिंतीला लावून दोन दिवस वाळू द्या. तो मधली ओल शोषून घेतो. मग छापलेल्या पट्टीच्या पाठीवर खळ सारखी लावा, खळीवर खळ येईल अशी सैल घडी घाला. घडीवर हात दाबू नका, ठशाचा जाड रंग घडीवर तडकतो. पाच मिनिटं भिजू द्या. चिंध्यांचा कागद ओला झाला की रुंदीत पाव इंचापर्यंत वाढतो. म्हणून प्रत्येक पट्टी सारखाच वेळ भिजली पाहिजे. एक पट्टी तीन मिनिटं आणि दुसरी दहा मिनिटं भिजली तर छातीच्या उंचीवर जुळलेली नक्षी कॉर्निसजवळ, म्हणजे छताखालच्या पट्टीजवळ, जुळत नाही, आणि लोक ठशाला दोष देतात. घड्याळ लावून काम करा.

बसवायला कोरडा मऊ ब्रश. प्लॅस्टिकची पट्टी किंवा सांध्याचा रोलर नको, डिस्टेंपर चकाकतो आणि ती चकाकी जात नाही. ओला स्पंज तर अजिबात नको. छापील बाजूवर खळीचा एक थेंब पडला तर तो पुसायचा नाही, कोरड्या टिपकागदाने नुसता टिपून घ्यायचा.

कागदवेल

सांध्याबद्दल भर घालते. दोन पट्ट्यांच्या कडा एकमेकींना भिडवून लावणं ही नंतरची पद्धत. त्या काळात एका बाजूची कोरी पट्टी कात्रीने कापायची, दुसरी ठेवायची, आणि कापलेली कड आधी लावलेल्या पट्टीच्या कोऱ्या कडेवर चढवायची. साधारण अर्धा इंच. काम खिडकीपासून सुरू करून उजेडापासून दूर जायचं. मग प्रत्येक चढवलेली कड खिडकीकडे तोंड करून राहते, तिच्यावर उजेड पडतो आणि सावली पडत नाही. उलट दिशेने लावलं तर प्रत्येक सांध्याला सकाळी एक काळी रेघ दिसते. खोलीला दोन बाजूंना खिडक्या असतील तर दोन्हीकडून काम करत यायचं आणि न जुळणारा शेवटचा सांधा दाराच्या वर किंवा शेकोटीच्या कोपऱ्यात लपवायचा. मूळ भिंतीवर हा न जुळलेला सांधा कुठे आहे ते शोधलं की कारागिराने काम कुठून सुरू केलं तेही कळतं.

जुनेघर

साध्या, बिननक्षीच्या कागदाचं काय? अनेक श्रीमंत घरांत नुसता निळा किंवा हिरवा कागद होता असं दिसतं.

कागदवेल

हो, आणि तो स्वस्त पर्याय नव्हता, सगळ्यांत अवघड होता. नक्षी डाग लपवते, साध्या रंगात काहीच लपत नाही. बेंजामिन फ्रँकलिन यांनी १७६७ मध्ये लंडनहून पत्नी डेबोरा यांना फिलाडेल्फियातल्या घराच्या निळ्या खोलीबद्दल लिहिलेलं पत्र यासाठी वाचण्यासारखं आहे. लाकूडकामही कागदाच्याच निळ्या रंगाचं असल्याने खोली अंधारी झाली असावी असा त्यांचा अंदाज. म्हणून त्यांनी सांगितलं: भिंतीच्या खालचं लाकूड बिनचमक पांढरं करा, वर निळा कागद, आणि सोनेरी किनार चेअर रेलच्या (भिंतीवरच्या कमरेएवढ्या उंचीच्या आडव्या लाकडी पट्टीच्या) वर आणि कॉर्निसच्या खाली लावा. चिकटवल्यावर कागदाचा रंग सारखा दिसला नाही तर त्याच रंगाचा आणखी एक हात ब्रशने द्या. म्हणजे लावल्यानंतर भिंतीवरच रंग देणं ही पळवाट नव्हती, पद्धत होती. खळीची ओल मागून येऊन सरस हलतो आणि डाग पडतात, हे त्या काळी माहीत असलेलं संकट होतं.

जॉर्ज वॉशिंग्टन यांनीही १७८४ मध्ये माउंट व्हर्ननच्या नव्या मोठ्या खोलीसाठी साध्या कागदाचा आणि दारं-खिडक्यांभोवतीच्या सोनेरी, पेपियर माशेच्या (कागदाच्या लगद्याच्या) किनारींचा विचार पत्रातून मांडला होता. ती खोली आज हिरव्या व्हर्डिटरच्या कागदाने पुन्हा सजवलेली आहे, आणि कागद जोडलेल्या तावांचा आहे. वर मी आडव्या रेघांबद्दल म्हटलं ते तिथे प्रत्यक्ष बघता येतं.

किनार ही शोभा आहेच, पण आधी ती झाकण आहे. कापडाचे खिळे, कागदाच्या वाकड्या कापलेल्या कडा, कॉर्निसजवळ न जुळलेली नक्षी, सगळं तिच्याखाली जातं. म्हणून मूळ किनार निघून गेलेल्या भिंती एवढ्या ओबडधोबड दिसतात. कारागीर हलगर्जी नव्हता, तो भाग दिसणारच नव्हता.

शर्वाणी

मोठ्या चित्रांचे कागद, ज्यात खोलीभर एकच देखावा असतो, तेही याच काळातले ना? त्यात हिंदुस्थानचा देखावा असलेला एक आहे असं ऐकलं.

हिंगूळ

हो, पण ते फ्रेंच, आणि अमेरिकेत मुख्यतः १८१० नंतर. तुम्ही म्हणता तो अल्सासमधल्या रिक्सहाइम इथल्या झ्युबेर कारखान्याचा 'हिंदुस्थान', १८०७ चा, पिएर-आंत्वान मोंजाँने चितारलेला. २० पट्ट्या. थॉमस आणि विल्यम डॅनियल या चुलत्या-पुतण्यांनी भारतात फिरून काढलेल्या चित्रांच्या छापांवरून मोंजाँने वेगवेगळ्या गावांच्या इमारती एका सलग देखाव्यात शेजारी-शेजारी बसवल्या. म्हणून ते बघून अमुक जागा ओळखायला जाल तर इमारत ओळखू येते, भूगोल जुळत नाही. याच थॉमस डॅनियलने १८०३ मध्ये वेरूळच्या लेण्यांची चित्रमालिका छापली. मूळ रेखाटनं पेशव्यांच्या पुण्यात राहून सवाई माधवराव आणि नाना फडणवीसांचं चित्र काढणाऱ्या जेम्स वेल्सची.

एक गोंधळ इथेच मिटवतो. जुन्या याद्यांत 'इंडिया पेपर' असं दिसलं तर ते भारतीय नव्हे. ते चीनमध्ये हाताने रंगवलेले फुलापक्ष्यांचे कागद. ईस्ट इंडिया कंपनीच्या जहाजांतून येत म्हणून ते नाव पडलं.

हाताने रंगवलेल्या इंग्रजी कागदांत मार्बलहेडचा जेरेमाया ली यांचा वाडा बघाच, १७६८ चा. करड्या छटांतली अवशेषांची आणि बंदरांची मोठी चित्रं वळणदार रोकोको चौकटींसकट अजून मूळ भिंतींवर आहेत. त्याच सुमाराचे, त्याच पद्धतीचे ऑल्बनीच्या व्हॅन रेन्सेलर वाड्याचे कागद न्यूयॉर्कच्या मेट्रोपॉलिटन संग्रहालयात आहेत. दोन्ही पाहिले तर घरात असलेला कागद आणि संग्रहालयात पुन्हा उभा केलेला कागद यांतला फरक कळतो.

मोगरी

देखाव्याच्या कागदाचं मोजमाप वेगळं असतं. पट्टी साधारण २१ इंच, म्हणजे २० पट्ट्यांचा देखावा ३५ फूट भिंत व्यापतो. झ्युबेरचा १८३४ चा 'उत्तर अमेरिकेचे देखावे' ३२ पट्ट्यांचा आहे, सुमारे ५६ फूट, १६९० ठसे आणि २२३ रंग. मेरीलँडमधल्या थरमाँटच्या एका पडायला आलेल्या घरातून काढलेला त्याचा संच १९६१ मध्ये व्हाइट हाउसच्या डिप्लोमॅटिक रिसेप्शन रूममध्ये लावला. भिंतीवरून काढून पुन्हा लावता आला, यातच चिंध्यांच्या कागदाची ताकद दिसते.

अशा कागदात वर बराच मोकळा आकाशाचा भाग दिलेला असतो, तो खोलीच्या उंचीप्रमाणे वरून कापायचा. खालून कधीही कापू नका, माणसांचे पाय आणि जमीन तिथे आहे. आधी सगळ्या पट्ट्या क्रमाने जमिनीवर पसरून दारं-खिडक्या कुठे येतात ते खडूने आखा. देखाव्यातले मुख्य प्रसंग शेकोटीच्या वर किंवा दारासमोरच्या भिंतीवर यावेत आणि झाडांचे गट कोपऱ्यात. झाडं मुळात त्यासाठीच आखलेली असतात. ती कापली किंवा दोन पट्ट्या गाळल्या तरी नजरेला खटकत नाही.

शर्वाणी

शेवटचा प्रश्न. नक्षीच्या कागदाचा अंदाज कसा काढायचा? खोली १६ बाय १४ फूट, उंची ९ फूट, चेअर रेल अडीच फुटांवर. दोन दारं, दोन खिडक्या, एक शेकोटी, प्रत्येक सुमारे साडेतीन फूट रुंद. नक्षीची पुनरावृत्ती २१ इंच.

मोगरी

परिघ ६० फूट. पट्टी २१ इंच म्हणजे पावणेदोन फूट, तर पूर्ण भिंतीला ३५ पट्ट्या. चेअर रेल ते कॉर्निस साडेसहा फूट, पण नक्षी जुळवायला पूर्ण पुनरावृत्त्या धरायच्या. साडेसहाला पावणेदोनने भागलं तर ३.७, म्हणजे ४ पुनरावृत्त्या, ७ फूट. १२ यार्डाच्या पीसमधून अशा ५ पट्ट्या निघतात आणि एक फूट उरतो. ३५ भागिले ५, म्हणजे काहीही न वगळता ७ पीस.

पाच जागा, प्रत्येकी दोन पट्ट्या, म्हणजे १० पट्ट्या कमी धरल्या तर ५ पीस येतात. पण तेवढेच घेऊ नका. दारांवरचे आणि खिडक्यांच्या वर-खालचे तुकडे नक्षीच्या ठरावीक जागेवरूनच कापावे लागतात आणि उरलेला एक फूट तिथे क्वचितच जुळतो. ६ घ्या. सगळे एकाच खेपेतले हवेत. हाताने कालवलेला रंग पुढच्या खेपेत तंतोतंत येत नाही.

चढवलेल्या सांध्यात अर्धा इंच जातो हे मी वेगळं धरलेलं नाही, कारण २१ इंच ही छापील रुंदी आहे आणि कोरी कड तिच्या बाहेर असते. मागवताना विकणाऱ्याला हे विचारून घ्या. काही जण कोऱ्या कडेसकट रुंदी सांगतात, आणि मग ३५ च्या जागी ३६-३७ पट्ट्या लागतात.

किनार ३ इंचांची धरली तर एका पीसच्या रुंदीत ६ ओळी छापलेल्या मिळतात, म्हणजे ६ गुणिले ३६, २१६ फूट. गरज बघा: वर ६०, चेअर रेलवर दारं आणि शेकोटी वगळून ५०, दोन दारांभोवती २५, दोन खिडक्यांभोवती २५, शेकोटीभोवती १२, चार कोपऱ्यांत उभी २६. बेरीज १९८. आकड्यांत एका पीसमध्ये बसते. पण प्रत्येक वळणावर ४५ अंशांत कापताना तीनएक इंच जातात आणि नक्षी वळणावर नीट यावी म्हणून कधी कधी अख्खी पुनरावृत्ती सोडावी लागते. दोन पीस घ्या, उरलेली किनार खळ न लावता सपाट ठेवा, कोरड्या कपाटात.

शर्वाणी

मिळालं. दारावरच्या वळणाला आधी उभी पट्टी लावायची की आडवी?

मोगरी

आडवी आधी, दोन्हीकडे तीन इंच जास्त सोडून. मग उभी तिच्यावर चढवून, दोन्ही ओल्या असतानाच मोजपट्टी तिरकी धरून धारदार पात्याने एकाच कापात दोन्ही थर कापा. वरचा तुकडा काढा, खालचाही अलगद ओढून काढा, आणि कोरड्या ब्रशने दाबा. पातं दर दोन कापांनंतर बदला. ओला चिंध्यांचा कागद बोथट पात्याने कापला जात नाही, ओढला जातो.

जुनेघर

कपाटात दाराच्या पट्टीखालचा भाग बघितला. पानं हिरवी आहेत.